शाहिराचे घर : लोकशाहीर विठ्ठल उमप आणि मुलांना दिलेला वारसा

२६ नोव्हेंबर हा दिवस आपण संविधान दिन म्हणून साजरा करतो. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने राज्यघटना स्वीकारली. आपल्या समाजाला या तारखेची आणखी एक आठवण आहे. २०१० साली याच दिवशी नागपूरच्या पवित्र दीक्षाभूमीवर, भगवान बुद्धांच्या नावाने सुरू होणाऱ्या दूरचित्रवाहिनीच्या सोहळ्यात, लोकशाहीर विठ्ठल उमप मंचावरच कोसळले आणि कालकथित झाले. वय वर्षे ७९. ज्या भूमीवर १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केले, त्याच भूमीवर, हजारो समाजबांधवांच्या समोर या शाहिराने जगाचा निरोप घेतला.

असे मरण भाग्यवंताला येते, असे तेव्हा सगळेच म्हणाले. ते खरेही आहे. पण त्यांच्या मरणाविषयी जेवढे बोलले गेले तेवढे त्यांच्या घराविषयी बोलले गेले नाही. शाहीर म्हणून ते महाराष्ट्राचे होते, पण उदय, संदेश आणि नंदेश या तीन मुलांचे ते बाप होते. हे तिघेही कलेच्या क्षेत्रात उतरले आणि वडिलांचे नाव त्यांनी पुढे नेले. आज कुटुंबाच्या पानावर लिहायचे आहे ते या बापाविषयी. कलावंत बाप आपल्या मुलांना नेमके काय देतो आणि त्यापासून आपल्या घरांनी काय शिकावे, हा आजचा विषय आहे.

बाप या शब्दाचे वजन

आपल्या समाजात 'बाप' या शब्दाला मोठे वजन आहे. बाबासाहेबांना आपण बाप म्हणतो. त्यांच्यामुळे घरातला बाप मात्र थोडा मागे राहिला. आपल्या लेखकांनी आई पुष्कळ लिहिली. कष्ट करणारी, उपाशी राहून लेकरांना शिकवणारी आई घरोघरी होतीच. बापाविषयी लिहिणारे थोडे. १९९३ साली डॉ. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक आले आणि ते घरोघरी वाचले गेले, कारण त्यात अनेकांना आपलाच बाप दिसला.

खुद्द बाबासाहेब कसे घडले ते आठवून पाहा. सुभेदार रामजी हे कबीरपंथी होते. घरात मुलांकडून कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग पाठ करून घेतले जात. भिवाला पुस्तके हवी असली की रामजी बाबा लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन पैसे मागत, पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना घेऊन तो गहाण टाकत, पण पुस्तक आणत. १९१३ साली रामजी बाबा गेले. मुलाची पुढची सारी झेप त्यांनी पाहिली नाही. पण लहानपणी कानावर पडलेला कबीर बाबासाहेबांनी जन्मभर जपला. बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे आपले तीन गुरू, असे ते सांगत. त्यांतला कबीर घरातून, बापाकडून आलेला होता. म्हणजे बापाचा वारसा घर, शेत आणि दागिने यांतच मोजायचा नसतो. कानावर काय पडले, तोंडपाठ काय झाले, हाही वारसाच असतो. उमप शाहिरांच्या घराचा विचार याच नजरेने करावयाचा आहे.

नायगावचा मुलगा

विठ्ठल उमप यांचा जन्म १५ जुलै १९३१ रोजी मुंबईत नायगाव येथे झाला. त्या काळची नायगाव, परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोड ही वस्ती म्हणजे गिरणी आणि गोदीच्या कामगारांची वस्ती. कोकणातून, घाटावरून, खानदेश-मराठवाड्यातून माणसे पोटासाठी येत आणि येताना आपापल्या गावचे गाणे बरोबर आणत. एकाच चाळीत एका खोलीत नमन-खेळ्यांची तालीम, दुसरीत भजन, खालच्या चौकात कलगीतुऱ्याचा सामना, असा तो काळ होता. संगीताच्या शाळेत जाण्याची ऐपत कोणाची नव्हती. पण ज्याला कान होते त्याला नायगावात अख्खा महाराष्ट्र ऐकायला मिळत होता.

शाहीर ज्या साली जन्मले त्याच सुमारास आंबेडकरी जलशांची चळवळ उभी राहत होती. महात्मा फुल्यांच्या मागे सत्यशोधक जलसे निघाले होते. त्याच वाटेने भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांचा विचार जलशातून गावोगावी नेला. तमाशाच्या चौकटीतलाच हा खेळ, पण त्यातला गण गणपतीऐवजी बाबासाहेबांना वंदन करू लागला. गवळणीची जागा शिक्षणाच्या, स्वच्छतेच्या, मेलेले ढोर न ओढण्याच्या संवादांनी घेतली. आपल्या दहा सभा आणि या मंडळींचा एक जलसा बरोबरीचे आहेत, या अर्थाचे बाबासाहेबांचे उद्‌गार जुनी मंडळी नेहमी सांगतात. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ गाण्यातूनच पोहोचली. १९५६ चे धर्मांतर झाले तेव्हा शाहीर पंचवीस वर्षांचे होते. या हवेतच त्यांचा आवाज तयार झाला.

तो आवाज कसा होता हे ज्यांनी समोर बसून ऐकले त्यांना सांगायला नको. खडा, पल्लेदार, मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत माईकशिवाय जाणारा. पोवाडा, भारूड, गोंधळ, वासुदेव, पोतराज, वाघ्या-मुरळी, धनगरी ओवी, कोळीगीत असा एकही प्रकार त्यांनी सोडला नाही. कव्वाली आणि गझलही ते तितक्याच तयारीने गात. आकाशवाणीवर गायले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, आयर्लंडमधील कॉर्क शहराच्या लोककला महोत्सवापर्यंत जाऊन आले. उतारवयात 'टिंग्या' आणि 'विहीर' यांसारख्या मराठी चित्रपटांतून नव्या पिढीने त्यांना पाहिले. आणि हे सारे करताना भीमगीताचा मंच त्यांनी कधी सोडला नाही.

खंडोबाचे लगीन आणि बावीस प्रतिज्ञा

येथे एक प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. आपल्यातले काही निष्ठावंत कार्यकर्ते तो विचारीत असत आणि आजही विचारतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेला बौद्ध माणूस 'खंडोबाचे लगीन' कसा काय सादर करतो? गोंधळ कसा घालतो? ज्या देवतांना आपण नाकारले त्यांची गाणी आपल्या शाहिराने का गावीत?

प्रश्न प्रामाणिक आहे. त्यामागे आपल्या समाजाचे मोठे दुःखही आहे. पोतराज होणे ही कोणाची हौस नव्हती. नवस फेडण्यासाठी मुलगा देवीला वाहिला जाई आणि तो अंगावर आसूड ओढून घेत दारोदार भीक मागे. मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली मुलगी. तिचे पुढे काय होई ते सर्वांना ठाऊक होते. हलगी वाजविणे हेही आपल्या कित्येक गावांत जातीचे काम होते. वरात दुसऱ्याची, सण दुसऱ्याचा, आणि पुढे उन्हात वाजवायचे आपण. बाबासाहेबांनी हा सारा प्रकार ओळखला होता. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी यांच्या सभेत त्यांनी हे जिणे सोडून द्या, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. धर्मांतरानंतर गावोगाव आपल्या माणसांनी हलगी खाली ठेवली, मरीआईचा गाडा ओढणे बंद केले. त्यासाठी काही ठिकाणी बहिष्कारही सोसला.

मग शाहिरांनी तीच वाद्ये, तेच प्रकार परत का हाती घेतले? याचे उत्तर त्यांच्या मंचावरच दिसत होते. ते पोतराज गात, पण कोणाच्या दारात भीक मागत नव्हते. ते मुरळीचे गाणे गात, पण कोणाची मुलगी देवाला वाहिली जात नव्हती. जे काम जातीने गळ्यात बांधले होते, ते त्यांनी कला म्हणून स्वखुशीने उचलले आणि रंगमंचावर तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे मानाने उभे केले. ज्या समाजाने आपल्या वाडवडिलांना उष्ट्या भाकरीवर वाजवायला लावले, त्याच समाजाला त्यांनी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायला लावले. देवाचे भजन आणि कलावंताचे गाणे यांतला फरक ते स्वतः जाणत होते. दोरी सोडून दिली आणि सूर ठेवून घेतला, असे थोडक्यात म्हणता येईल.

हा विवेक घरातल्या मुलांसाठी फार महत्त्वाचा असतो. बापाने जर सांगितले असते की हे सगळे घाण आहे, फेकून द्या, तर मुलांना आपल्या आजा-पणजाची लाज वाटली असती. आणि बापाने जर सांगितले असते की हे सगळे पवित्र आहे, डोक्यावर घ्या, तर मुले पुन्हा त्याच खड्ड्यात गेली असती. उमपांच्या मुलांनी हे दोन्ही केले नाही. ती डफ-तुणतुणेही मानाने हाती घेतात आणि बाबासाहेबांचे गाणेही तेवढ्याच निष्ठेने गातात.

'जांभूळ आख्यान' : खरे बोलल्याचे फळ

शाहिरांच्या साऱ्या कामात 'जांभूळ आख्यान' हे शिखर मानले जाते. लोककलेचे अभ्यासक अशोकजी परांजपे यांच्या संशोधनातून ही लोकपरंपरेतली कथा रंगमंचावर आली आणि शाहिरांनी तिचे शेकडो प्रयोग केले. द्रौपदी, कर्ण, कृष्ण, भीम या साऱ्या भूमिका एकटेच करीत. मागे साथीदारांचा कोरस. साठी-सत्तरी ओलांडलेला हा पुरुष पदर सावरल्याचा नुसता हात करी आणि समोर द्रौपदी उभी राही.

कथा अशी आहे. पाच पांडवांची राणी असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ निर्माण होते. ती कोणाला सांगत नाही, पण कृष्णाला ते कळते. वनात एका झाडाला एकच जांभूळ असते आणि ते तोडले जाते. ते जांभूळ एका ऋषीचे, म्हणून आता शाप बसणार. कृष्ण सांगतो, प्रत्येकाने आपल्या मनातले खरे बोलावे, म्हणजे फळ परत देठाला लागेल. पांडव बोलतात, फळ वर चढत जाते. द्रौपदी लपवते, फळ खाली येते. शेवटी ती मनातला कर्ण सर्वांसमोर कबूल करते आणि जांभूळ झाडाला लागते.

पोथी-पुराणातली द्रौपदी अशी बोलत नाही. ही द्रौपदी लोकांनी घडविलेली आहे. तिच्या मनात बसतो कोण? तर सूतपुत्र म्हणून ज्याला भर सभेत हिणवले, विद्या असूनही जातीवरून ज्याला अडवले तो कर्ण. आपल्याला हे दुःख परके नाही. आणि आख्यानाचा शेवट शिक्षेने होत नाही, खरे बोलल्याने होतो. बाईच्या मनातले ऐकून घेण्याची ही तयारी आपल्या लोककलेत होती. घराच्या पानावर हे मुद्दाम सांगायचे, कारण लेकीसुनांच्या मनातले ऐकून घेणे आपल्या घरांतही अजून पुरते रुळलेले नाही.

शाहीर गेल्यानंतर हे आख्यान थांबले नाही. नंदेश उमप यांनी ते पुन्हा रंगमंचावर आणले. वडिलांनी एकट्याने पेललेली भूमिका मुलाने उचलणे सोपे नसते. लोक प्रत्येक आवाजाची, प्रत्येक गिरकीची बापाशी तुलना करतात. तरी त्यांनी ते धाडस केले. कागदावर नाटक राहते, पण आख्यान माणसाच्या अंगात राहते. ज्याने ते पाहून, साथ करून, पाठ करून घेतले त्याच्याकडूनच ते पुढे जाते. शाहिरांची मुले त्यांच्या साथीला उभी राहिली होती, म्हणूनच ते टिकले. वडिलांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेतर्फे त्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास 'मृद्‌गंध' पुरस्कार देण्याची प्रथाही मुलांनी सुरू केली. इतर कलावंतांचा सन्मान करून बापाची आठवण ठेवणे ही रीत घेण्यासारखी आहे.

गाणाऱ्याच्या घरातला हिशेब

पण वाचकहो, सगळ्याच शाहिरांची घरे अशी उभी राहिली नाहीत. हे लिहिताना मन जड होते.

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ज्यांनी लिहिला आहे त्यांना हे कळेल. मी पेशाने कारकून, त्यामुळे आमच्या मंडळाची वही अनेक वर्षे माझ्याकडे असे. मंडप, लायटिंग, लाऊडस्पीकर, मिरवणुकीची गाडी, हार, पत्रके यांचे पैसे आधी ठरत आणि आधी दिले जात. शाहिराच्या पार्टीचे मानधन सर्वांत शेवटी. गायक, हार्मोनियम, ढोलकी, बँजो, दोन-तीन कोरसवाले एवढ्यांत ती रक्कम वाटली जाई. रात्री दहाला सुरू झालेला कार्यक्रम पहाटेपर्यंत चाले. एखाद्या गाण्याला खूश होऊन माणसे दहाची, पन्नासची नोट बक्षीस देत, माईकवर नाव पुकारले जाई. सकाळी पार्टी पहिल्या गाडीने निघून जाई. एप्रिल आणि मे हे दोन महिने कार्यक्रमांची रांग, पुढे पावसाळा आला की काम बंद. त्या चार महिन्यांत त्या घरातली चूल कशी पेटते, हे आपल्या हिशेबाच्या वहीत कुठेच लिहिलेले नसते.

गाणाऱ्याची बायको हे सारे जाणून असते. म्हणूनच कित्येक शाहिरांच्या घरी आईच मुलांना सांगते की, बाबा, तू शाळा शिक, नोकरी धर, या डफाच्या नादाला लागू नकोस. तिला कोण चूक म्हणेल? रात्री-बेरात्रीचे प्रवास, जागरणे, वर्गणीतले उधार मानधन आणि या वाटेवर अनेकांना लागलेले व्यसन, हे सारे तिने पाहिलेले असते.

शाहीर विलास घोगरे यांची आठवण होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा समाजबांधव मारले गेले. ते सहन न होऊन १५ जुलैला घोगरे यांनी आपली जीवनयात्रा संपविली. १५ जुलै हाच उमप शाहिरांचा जन्मदिवस. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटात घोगरे यांची कहाणी जगापुढे मांडली. समाजाचे दुःख गाणारा माणूस ते दुःख घरी येऊन पायताणासारखे दाराबाहेर काढून ठेवू शकत नाही. शाहिराच्या मुलाबाळांनाही त्याचा वाटा घ्यावा लागतो.

या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे तिन्ही मुले कलेत आली आणि मानाने उभी राहिली, याची किंमत कळते. दुसरे असेच घर प्रल्हाद शिंदे यांचे. मंगळवेढ्याकडचा हा पहाडी आवाज, २३ जून २००४ रोजी शांत झाला. त्यांनी भक्तिगीते गायली, भीमगीते गायली, कव्वालीचे सामने गाजवले. आनंद, मिलिंद, दिनकर ही त्यांची मुले आणि आदर्शसारखा नातू, अशा तीन पिढ्या महाराष्ट्राने ऐकल्या. शास्त्रीय संगीतात घराणे म्हणतात ते आपल्याकडे अशा घरांतून तयार झाले. त्याला कोणी घराणे म्हटले नाही, एवढाच काय तो फरक.

लेकींचा वाटा

या घराण्यांच्या यादीत मुलगे आणि नातू सापडतात, मुली क्वचित. हे आपल्याला खटकले पाहिजे. गळा मुलामुलीत भेद करीत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचे उदाहरण घ्या. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या या माउलीचा आवाज मोबाईलवरून अलीकडच्या काळात घरोघरी पोहोचला. एकतारी त्यांच्याकडे आली ती वडिलांकडून, ते एकतारीवर भजने गात. पुढे पती गेले, मुलांची जबाबदारी अंगावर पडली, तेव्हा त्याच एकतारीने आणि त्याच गळ्याने त्यांना तारले. बापाने हुंड्यात काय दिले ते कधीच संपून गेले असते. कानात जे दिले ते आयुष्यभर पुरले.

आपल्या आया-आज्यांनी जात्यावर बसून बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. कोणी त्यांना शाहीर म्हटले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या लिहून आणि ऐकवून प्रसिद्ध झाल्या. ज्या बायांना सही येत नव्हती त्यांनी आपल्या चळवळीचा इतिहास दळता दळता रचून ठेवला होता. अशी एखादी आजी आपल्याही घरात असेल. तिला एकदा विचारा तरी.

आपल्या घरी काय करता येईल

नुसते गुणगान करून लेख संपवणे कार्यकर्त्याला शोभत नाही. म्हणून चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट. आपल्या वस्तीत, गावात जो कोणी जुना गायक, ढोलकीवाला, जलशातला सोंगाड्या, भजनी बुवा हयात असेल त्याची गाणी त्याच्या मुलानातवंडांनी नोंदवून ठेवावीत. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. गाणे कोणी लिहिले, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी म्हटले हेही विचारून वहीत लिहावे. शाहिराची गाण्याची वही ही घराची मालमत्ता आहे. ती रद्दीत जाऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मासिक मानधन देण्याची राज्य शासनाची योजना १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंताला अर्ज करता येतो, आणि कलावंताच्या पश्चात त्याच्या जोडीदारालाही हे मानधन मिळू शकते. ग्रामीण भागात पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे याची चौकशी करावी. अडते ते पुराव्यापाशी. आयुष्यभर गायलेल्या माणसाकडे आपण गायलो याचा कागद नसतो. म्हणून कार्यक्रमाची पत्रके, वर्तमानपत्रांतली कात्रणे, फोटो, मंडळांची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये जपून ठेवावीत. हे काम मुलांचे आहे. आणि मंडळांनीही प्रत्येक कलावंताला आपल्या लेटरहेडवर, तारीख घालून, सही-शिक्क्यासह प्रमाणपत्र द्यावे. त्याला खर्च येतो तो एका कागदाचा.

तिसरी गोष्ट. जयंती मंडळांनी शाहिराचे मानधन आधी ठरवावे आणि कार्यक्रमाच्या रात्रीच हातात द्यावे. डीजेच्या भिंतींना लाख रुपये आणि शाहिराला उधारी, हा हिशेब बाबासाहेबांच्या नावाखाली शोभत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलांना कला द्या, सक्ती देऊ नका. जातीने लादलेले काम आणि मनाने घेतलेली कला यांतला फरक त्यांना समजावून सांगा. मुलगा इंजिनीअर होवो, मुलगी डॉक्टर होवो, पण रविवारी सकाळी विहारात वंदना झाल्यावर दोघांनाही डफ हातात धरता आला पाहिजे. शिक्षणाने आपल्याला नोकरी दिली, घर दिले, इभ्रत दिली. त्या नव्या घराच्या भिंतीवर तसबिरी लागल्या, पण आतून गाणे हरवले, असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे. फ्लॅटमधल्या मुलांना आजोबांचे भीमगीत माहीत नसते. ते परत आणणे आपल्या हातात आहे.

विठ्ठल उमप यांनी नायगावच्या कामगार वस्तीतून हा सूर उचलला, त्यावरची गुलामीची धूळ झटकली आणि तो मुलांच्या हाती दिला. मुलांनी तो पुढे चालू ठेवला. बाप म्हणून याहून मोठे देणे कोणते? येत्या २६ नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झाल्यावर प्रत्येक विहारात शाहिरांचे एक तरी गाणे म्हटले जावे, आणि ते एखाद्या मुलाने किंवा मुलीने आपल्या बापाला साथीला घेऊन म्हणावे. शाहिरांना तीच खरी आदरांजली ठरेल.

जयभीम!